चिंचेनं घासलेलं नाणं

नाणेकाकांचं सगळ्यात मोलाचं नाणं मी चिंचेनं घासून लख्ख केलं.

बँकेच्या बदलीनं काशीत आलो आणि ब्रह्मा घाटावर त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. ते निवृत्त प्राध्यापक, पण अख्ख्या गल्लीत त्यांना नाणेकाकाच म्हणत. नाणं हातात देताना दर वेळी बजावायचे, "कडेनं धर. गाल कुरवाळायला ते पोर नाही."

त्यांचा जीव चाचणीच्या नाण्यांत. चलनात आणण्याआधी साहेबाला दाखवायला टांकसाळीत अशी मोजकी नाणी पाडत. त्यातल्या एका तांब्याच्या नाण्यावर राजाभोवतीची अक्षरं नेहमीपेक्षा बारीक होती. साहेबाला ती रुचली नाहीत. "मंजूर झालेली बाजारात झिजून मेली," काका म्हणत. "हे नापास झालं म्हणून जगलं." बढतीची परीक्षा मला कधीच सुटली नसल्यानं हे वाक्य मला फार धीर द्यायचं.

काकांची नजर अधू होत चालली होती. आपल्यामागे संग्रह फुटू नये, काशीतच एकत्र राहावा, हा एकच घोर. शेवटी एका संग्रहालयाचे अधिकारी येऊन बघणार, असं ठरलं.

आदल्या दुपारी काकूंनी मंगळागौरीच्या पूजेचं ताम्हन, पळी, पंचपात्री माझ्यापुढे ठेवली. "रिकामा बसलायस, तर मांजून टाक जरा." घासता घासता मनात आलं, उद्या पाहुणे येणार आणि ते तांब्याचं नाणं असं काळपट! काका झोपले होते. उरलेली चिंच कामी आली. ते झळकलं तेव्हा माझीच मला शाबासकी द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्या नाण्यावर भिंग धरलं आणि लगेच बाजूला ठेवलं. "प्रोफेसर साहब, इसे तो किसी ने माँज दिया." वर्षानुवर्षं धरलेली तपकिरी साय गेली, की संग्राहकाच्या लेखी नाणं गेलं. "बाकी के सिक्के तो हमारे यहाँ हैं," म्हणाले, आणि चहा पिऊन उठले. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते त्या नाण्याची रिकामी डबी उघडत-मिटत राहिले.

संग्रह पुढे व्यापाऱ्यांकडे तुकड्यातुकड्यांनी गेला. काका-काकू लेकीकडे इंदूरला निघाले. गाडी सुटायच्या आधी काकांनी खिशातून ते नाणं काढून माझ्यापुढे धरलं. मी सवयीनं कडेनं घेतलं.

"आता कसंही धर," काका म्हणाले. "राहू दे तुझ्याकडेच. तुला बिघडवता येईल असं त्यात काही उरलेलं नाही."