घराच्या मापाचा जनरेटर

माझी बायको आणि तान्ही मुलगी घरी कधी येणार, हे त्या वर्षी लोडशेडिंग ठरवत होतं.

बायको बाळंतपणाला दौंडला माहेरी गेली, ती तिथेच अडकली. सासरे रेल्वेत. त्यांच्या क्वार्टरमधली लाइट सहसा जात नसे आणि आमच्या शिरूरची सहसा येत नसे! सासऱ्यांनी फोनवर ठणकावलं, "जावईबापू, नातीला उकाड्यात न्हाई ठिवायची. आधी लाइटची सोय करा. म्या सोता येऊन बघनार, मंगच लेक धाडनार."

मी जनरेटर घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "घरात काय काय चालवायचंय?"

"दोन ट्यूब, दोन पंखे, एक टीव्ही. बास!"

त्याने मोठा जनरेटर दाखवला. (दुकानदार मोठाच दाखवणार!) मी कारखान्यात स्टोअरकीपर, हिशेबात कधी चुकत नाही असा माझा लौकिक होता. तो मीच पसरवला होता. तेव्हा मी बरोब्बर घराच्या मापाचा जनरेटर आणला आणि आमच्या व शेजारच्या आप्पांच्या घरामधल्या बोळात बसवला.

घर मोजलं, गल्ली मोजायची राहिली!

त्याच संध्याकाळी आप्पा आले. "भाऊ, एका बल्बापुरती वायर द्या की. नातवाची परीक्षा हाय."

नाही कसं म्हणणार? मग समोरचे आले. "आन् आमी काय परकं हाय व्हय?" मीही दात काढून "घ्या की, आपलाच हाय!" करत वायरी वाटत सुटलो. बल्बामागून पंखे आले, पंख्यांमागून टीव्ही. (पेट्रोल माझंच!)

अशात सासरे पाहणीला आले. त्यांना मी मामा म्हणतो. मामांनी चहाचा कप उचलला आणि लाइट गेली. मी ऐटीत बोळात जाऊन दोरी ओढली. ट्यूब लागली! मामांची मान डोलली... आणि ट्यूब फडफडली, पंखा रेंगाळला, जनरेटरने राम म्हटला. पुन्हा दोरी, पुन्हा तेच.

कुणाची तरी वायर काढायलाच हवी होती. आप्पांची काढावी, तर नातू पुस्तक उघडून बसलेला. समोरच्यांची काढावी, तर ते दारातून मला कौतुकाने हात करत होते! ज्याच्या मालकाची मला भीड वाटत नव्हती, असं गल्लीत एकच घर उरलं. मी आमचीच वायर उपटली.

गल्ली झगमगली. आमच्या अंधारातून मामांचा आवाज आला, "जावईबापू, मेणबत्ती कुटं हाय?"

आप्पांनीच त्यांना हाताला धरून आपल्या घरी पंख्याखाली नेऊन बसवलं. मी पाठोपाठ गेलो.

"लय भारी जनरेटर हाय की तुमचा!" भिंतीपलीकडची धडधड ऐकत मामा आप्पांना म्हणाले.

आप्पा माझ्याकडे बघू लागले. मी डोळ्यांनीच विनवलं, गप्प बसा! जनरेटर माझा म्हणावं, तर अंधार माझ्याच घरात का, हे कोणत्या तोंडाने सांगू? जावई दरिद्री ठरलेला चालेल, बावळट नको! लाजेने मला घाम फुटला होता, आणि पंख्याचा वारा मामांपर्यंतच येत होता.

"लेकीला धाडतो म्या," मामा म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "शेजार चांगला हाय म्हनून! आप्पा, आमच्या जावयालाबी एक वायर द्या की."

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "देऊ की पाव्हणं. पर लोड झेपंल का, बघाया लागंल."

मी मान खाली घालून म्हणालो, "बघा आप्पा, जमलं तर!"