आखूड नळीचे गुण, लांब नळीची पुसणी

कॉलेजात, एनसीसीत, मी पाच गोळ्यांत सहा भोकं पाडली होती. इथे हॉलंडात, न्यूनेनला, आल्यापासून ही गोष्ट इतक्यांना सांगितली, की सहावं भोक आता मला स्वतःलाच स्पष्ट आठवतं. त्यामुळे आमच्या नेमबाजी क्लबच्या संघात एकच जागा उरली आणि तिच्यासाठी मी आणि बायको समोरासमोर आलो, तेव्हा माझी सगळी बढाईच पणाला लागली.

प्रत्येकी दहा गोळ्या, उभ्याने, पन्नास मीटरवर. क्लबच्या कपाटातली हवी ती रायफल घ्यायची.

मी आठवडाभर खपून एक्सेलमध्ये फायद्या-तोट्यांची यादी केली होती. आखूड नळीची रायफल: हलकी, नेमबाजाच्या अरुंद कप्प्यात सहज वळणारी, हात न दुखवणारी. तोटे दोनच. आवाज दांडगा, आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा फार जवळजवळ.

"दुसरा तोटा ठळक कर," बायको म्हणाली. "खुणा जवळ असल्या की केसभर चूक कळत नाही, आणि तिकडे गोळी वीतभर सरकते."

"मला कळते! सहावं भोक काय आपोआप पडलं?"

क्लबचे डच आजोबा, उंची सव्वासात फूट, म्हणाले, "बायकोचं ऐक." डच माणूस, तोंडावर बोलणारच. मी आखूडच उचलली. तिने लांबडी घेतली, माझ्या रायफलीहून हातभर लांब आणि दीडपट जड.

माझी पहिली गोळी सुटली, आणि काय तो धडाका! कानांवर जाड टोप्या असूनही माझे दात वाजले. तिकडे शंभरेक किलोमीटरवर लायडनच्या प्रयोगशाळांत दोन-चार काचनळ्या तरी तडकल्या असणार. कागद बघितला, तर भोक पार कडेला, एकटंच.

बायको सावकाश, पोळी उलटावी तशी, एकेक गोळी मध्यात ठेवत होती. पण आठवीला त्या वजनाने तिचे हात भरून आले. लांब नळी खाली झुकू लागली. नववी घसरली, दहावी त्याहून. मी मात्र ताजातवाना! माझ्या शेवटच्या तिन्ही गोळ्या थेट मधल्या काळ्यात, प्रत्येकीला दहापैकी दहा गुण! मी नाचलोच.

"नाचू नकोस, आधी बेरीज," आजोबा म्हणाले.

जागा एका गुणाने गेली. एका!

"अरे, भोकं दहाच आहेत," बायको माझा कागद उजेडाला धरून म्हणाली. "अकरावं कुठंय?"

आमच्या क्लबात हरणाऱ्याने दोन्ही रायफली पुसायच्या. माझी आखूड नळी दोन हिसक्यांत चकाचक झाली. हा फायदा एक्सेलमध्ये राहूनच गेला होता. मग तिची घेतली. पुसायचा गज आत जातोय, जातोय, जातोच आहे. संघातली नवी खेळाडू खुर्चीत पाय पसरून कॉफी पीत होती.

"टोकाला अजून काळं आहे हं."