जड पाण्याची भज्जी

मी सून म्हणून या घरात आले आणि सासऱ्यांच्या नव्या विहिरीचं पाणी नळानं घरात आलं, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. त्यामुळे डाळ शिजेना तेव्हा दोष कुणाचा, हे ठरवायला कुणाला फार वेळ लागला नाही. विहीर घरची होती, मी बाहेरची.

माहेर माझं किनवटकडचं. तिथं डाळ चुलीवर ठेवून अंगण झाडून येईपर्यंत मऊ व्हायची. सासर जळकोटजवळचं. कुकरच्या आठ-आठ शिट्ट्या घ्याव्यात आणि झाकण काढावं, तर डाळ एकीकडे, पाणी एकीकडे. सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, म्हणायच्या, "आमच्या घरात डाळ कधी अशी रुसली न्हवती बाई." नवरा बिचारा डाळ कुडुमकुडुम चावत "छान झालंय" म्हणायचा. त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी जन्मभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता, रानात आपली विहीर. आधीचे दोन बोअर कोरडे गेलेले. शेवटी पोकलेन लावून विहीर खणली, तेव्हा काळ्या मातीखाली पांढुरका थर लागला, आणि त्यात काचेसारखे चपटे, चकाकणारे खडे. त्याच्याखाली पाणी. मामांनी गावभर पेढे वाटले आणि तळहाताएवढा एक स्वच्छ खडा धुऊन देवघरात ठेवला. "इहिरीनं हिरा दिला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मामी रोज त्याला हळदीकुंकू लावायच्या.

पहिली येळवस आली. लातूरकडे या थंडीतल्या अमावास्येला सारं गाव रानात जेवतं. कडब्याची खोप उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि वाटेनं जाईल त्याला बोलावून आंबील, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, भज्जी वाढायची. ही भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे. वाटाणा, हरभरा, तूर, असतील तेवढ्या भाज्या घालून केलेलं बेसनाचं कालवण. "यंदा नव्या सुनंच्या हातची," असं मामींनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. मामांनी आपला हिरा त्या दिवशी पांडवांच्या शेजारी मांडला होता. मामांची थोरली बहीण, आत्याबाई, जेवायला बसल्या. त्यांनी कालवणातला एक हरभरा उचलला आणि ताटात टाकला. टणकन वाजला.

"पोरगी शिकलेली हाय म्हनं," त्या म्हणाल्या. "काय शिकली?"

मी सगळ्यांबरोबर हसले आणि मग कडब्याच्या गंजीमागे जाऊन रडले. मला रडण्यापेक्षा राग जास्त येतो, पण त्या दिवशी दोन्ही आले.

काय शिकले? मी जळकोटच्या शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी देवघरातला तो खडा कुणाला न विचारता पिशवीत घालून शाळेत नेला. देव चोरणारी सून, आणखी काय बाकी राहिलं होतं! नख ओढलं तर ओरखडा उठला. शेजारी एक रुंद ओरखडा आधीचाच होता, तो फावड्याचा असेल असं वाटलं. मग कोपऱ्याची एक कपची चमच्यात घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली, वर उपडा पेला. पेल्याच्या आत पाण्याचे थेंब जमले आणि काचेसारखी कपची पिठासारखी पांढरी झाली. हिरा कसला, चिरोडी. जिप्सम. ज्या खडूनं मी रोज फळ्यावर लिहिते, त्याचीच जात. पाण्याला निचरा नसला की काळ्या मातीच्या पोटात विरघळलेले क्षार साचत जातात आणि वर्षानुवर्षांत त्यांचे असे खडे तयार होतात. तोच दगड थोडाथोडा विहिरीच्या पाण्यात उतरतो. अशा जड पाण्याला साबणाचा फेस येत नाही, आणि त्यात डाळ मऊ होता होत नाही.

पुरावा हातात होता. आता घरी जाऊन सगळ्यांसमोर तोंडावर मारते, असं ठरवूनच निघाले. वाटेत रान लागतं. मामा विहिरीच्या काठावर उभे राहून कुणा पाहुण्याला म्हणत होते, "बघा, तळ दिसतोय तळ." त्यांचा चेहरा बघितला आणि सगळं गिळून टाकलं. खडा गुपचूप देवघरात ठेवला. त्या दिवसापासून डाळीत चोरून चिमूटभर सोडा टाकायला लागले. डाळ शिजायची, पण मामी म्हणायच्या, "वरनाला साबणाचा वास येतोय का गं?"

पुढच्या येळवशीला माझे आईवडील किनवटहून येणार होते. आईसमोर तो हरभरा पुन्हा टणकन वाजणार, याच काळजीत मी होते. आदल्या दिवशी दुपारी मामांनी गाडीवरून दोन कॅन आणून ओट्याजवळ ठेवले. गावातल्या जुन्या हापशाचं पाणी.

"भज्जी ह्याच्यात कर," ते म्हणाले.

"घरात नळ आसताना?" मामींनी विचारलं. मामा तोवर बाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी भज्जी लोण्यासारखी झाली. खोपीत पांडव पाचच होते, हिरा नव्हता. आत्याबाईंनी दोनदा मागून घेतलं आणि माझ्या आईकडे वळून म्हणाल्या, "शिकली बाई एकदाची. वरीस लागलं, पर शिकली." आईनं माझ्याकडे पाहिलं.

मामांनी हातातली आंबिलीची वाटी खाली ठेवली.

"शिकली न्हाई ती. तिला पयल्यापासून येत व्हतं. ही भज्जी हापशाच्या पाण्यातली हाय. माझ्या इहिरीचं पाणी जड हाय. मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं. त्या दगडाला नख लावून बघितलं की मी. हिऱ्याला नख लागत नसतंय. आन् असला मऊ दगड लागला की पाणी जडच निघतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरीसभर पोरीनं बोल खाल्ले, आन् मी गप बसलो."

म्हणजे तो रुंद ओरखडा त्यांचा. मला त्यांचा राग आला, खरंच खूप आला. पण ते मान खाली घालून बसले होते, आणि त्यांची विहीर बघायला आलेली माणसं समोर जेवत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, खारावलेल्या चोपण रानात लोक हाच दगड पोत्यानं विकत आणून टाकतात. जमिनीला औषध आहे तो."

"मंजी तुमच्यावानीच," मामी त्यांना म्हणाल्या. "रानात औषध, घरात जड."

सगळे हसले, मामाही हसले. मामींनी आपल्या ताटातला उंडा उचलून माझ्या ताटात ठेवला.

सकाळी शाळेला निघताना मामांनी तो खडा टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला. "लेकरायला दाखव. खरं नाव सांग. पर आमच्या इहिरीतला हाय, हेबी सांग."

दरवर्षी सांगते. पोरं हौसेनं नखं ओढतात, खडा आता पार ओरखड्यांनी भरलाय. एका कोपऱ्याला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. तिथं दोन ओरखडे शेजारीशेजारी आहेत, एक मामांचा, एक माझा.