आधी वाचून या

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नाशिकजवळच्या एका मेडिकल कॉलेजात मी पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवायचो. मी सांगायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. कंटाळून एका वर्षी मी उलटं केलं. नोट्सच्या झेरॉक्स तीन दिवस आधी वाटल्या. वाचून या, तासाला पेशंटची केस घेऊन फक्त बोलू, असं सांगितलं.

बहुतेकजण न वाचताच यायचे. सुरगाण्याकडची एक मुलगी मात्र वाचून यायची. आश्रमशाळेत शिकलेली. तिच्या झेरॉक्सच्या कडेला पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले असत. बोलायची मात्र नाही.

एकदा जुलाबाने सुकलेल्या लहान मुलाची केस होती. त्याचे हातपाय गार का पडतात, असं मी विचारलं. तेव्हा ती पहिल्यांदाच उठली.

"सर, अंगातलं पाणी गेलं ना, मग रगत कमी पडतं. ते हातापायाला जात नाय, काळजाला नि डोक्याला ऱ्हातं."

उत्तर अचूक होतं. पण 'रगत' ऐकून मागचे बाक हसले. मी त्यांना काही बोललो नाही. तिलाच म्हणालो, "बरोबर आहे, पण इंग्रजीत सांग. परीक्षेत हे चालणार नाही."

ती खाली बसली. पुन्हा कधी उठली नाही. पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेतही काही बोलली नाही, नापास झाली. दिवाळीला घरी गेली ती परतलीच नाही.

मी एसटीने तिच्या गावी गेलो. वडिलांनी अंगणात खुर्ची दिली, तिने चहा आणला. प्राचार्यांशी बोलतो, तू परत ये, असं मी बराच वेळ समजावत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"हो."

"मग ते हसले तेव्हा तुम्ही गप का राहिलात?"

पोरीचं काही चुकलं का, असं वडील विचारत होते. नाही म्हणालो आणि परतीची गाडी धरली.

कॉलेजात परतल्यावर, पोर्शन मागे पडलाय, पालकांच्या तक्रारी आहेत, असं विभागप्रमुखांनी सुनावलं. मीही वाद घातला नाही. सोमवारपासून पुन्हा नोट्स सांगायला लागलो. मुलांना हायसं वाटलं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी तसंच शिकवलं. निकालही चांगले लागत गेले.