जादा ताकदीचा व्हॉल्व्ह

आमच्या घरात अक्कल फक्त पुरुषांना होती. त्यातही धाकट्या काकांना जास्त, कारण ते मिलिटरीतून पेन्शन घेऊन आले होते. विजेचं काम असो की सोयरीक, शेवटचा शब्द त्यांचा. वडील मान डोलवायचे.

आई जतकडची, तिची बोली कानडी. आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं. लग्न होऊन आल्यावर ती कानडीत काही बोलली की सासरची माणसं हसायची, म्हणून तिनं ते बोलणंच सोडलं. दुपारी पुरुष मळ्यात गेले की ती जुना व्हॉल्व्हचा रेडिओ बारीक आवाजात लावायची. धारवाड केंद्र लागायचं. तेवढ्या वेळात कुणीतरी तिच्या भाषेत बोलायचं.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात रेडिओतला एक व्हॉल्व्ह, म्हणजे आत पेटणारा काचेचा दिवा, जळाला. काका सांगलीला निघाले तेव्हा कधी काही न मागणारी आई म्हणाली, "भावजी, ज्यो गेलाय त्योच आणा."

माझं कॉलेजचं काम होतं, म्हणून मीही बरोबर गेले. दुकानदारानं जळक्या काचेवरचा नंबर वाचला आणि हाच व्हॉल्व्ह मुंबईहून मागवावा लागेल, थोडं थांबा म्हणाला. थांबतील ते काका कसले? त्यांनी कपाटातला दुसरा, मोठा व्हॉल्व्ह उचलला, दुकानातल्या तसल्याच सॉकेटात बसवून पाहिला. पाय बरोबर बसले.

"पाय बसलं म्हणून चालंल असं न्हाई, फौजी. बाकीचं व्हॉल्व जळतील," दुकानदार म्हणाला.

"आवं, हिरीवर मोटार मोठी बसवली की पानी लांब जातंय. ह्येचं बी तसंच," काका म्हणाले. सगळी उसाची शेती ह्याच हिशोबावर चालायची. मोठं ते चांगलं.

घरी येऊन त्यांनी तो बसवला. रेडिओ कधी नव्हे एवढा मोठ्यानं बोलला, आणि बोलला तो कानडीच. आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. काकांनी मिशीवर हात फिरवला. मग जळका वास आला आणि रेडिओतले सगळे दिवे विझले.

रेडिओच भंगार होता, असं काकांनी जाहीर केलं. पुढच्या बाजाराला नवा ट्रान्झिस्टर आणला आणि तो त्यांच्याच खांद्याला लटकून मळ्यात जाऊ लागला. जुन्या पेटीवर आईनं तुळशीची कुंडी ठेवली. मला काकांचा तेव्हा राग आला, तो अजून गेलेला नाही. वडिलांचाही आहे.

बऱ्याच वर्षांनी जतची मावशी राहायला आली. उंबऱ्यातच आईचे हात धरून ती कानडीत भडाभडा बोलत सुटली. आई ऐकत होती. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग मराठीत म्हणाली, "बस की. च्या टाकते."