झांजेची शेपटी

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गाणं ऐकायला बसले की घरात भांडं वाजलेलं चालत नसे. मावशी तेवढ्या वेळात कपड्यांच्या घड्या घालायची, कारण कपडे वाजत नाहीत. बाहेरच्या खोलीची एक आख्खी भिंत सीडींनी भरलेली होती. तिच्यासमोर छातीइतक्या उंचीचे दोन स्पीकर आणि त्यांच्या बरोबर मध्ये काकांची खुर्ची. केर काढताना ती वीतभर सरकली तरी काकांना कळायचं. फरशीवर त्यांनी खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. पाहुण्यांनी बाजूच्या बाकावर बसायचं. तिथून नीट ऐकू येत नाही, हे काका स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "तुम्हाला काय फरक पडतो म्हणा!"

लोक त्यांना कानसेन म्हणत. पहिल्यांदा कोणी कौतुकाने म्हटलं असेल, पुढे काकाच स्वतःला म्हणवून घ्यायला लागले.

साउंड सिस्टिम विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात ते नोकरीला होते. दुकानाच्या मागच्या बाजूला जाड पडद्यांची, गालिचा घातलेली एक खोली होती. तिथे गिऱ्हाइकाला बसवून ऐकवायचं, हे काकांचं काम. व्हायोलिनची एक ठरलेली सीडी होती, तिच्यात मागे हलकीशी झांज वाजायची. ती आली की काका बोट वर करायचे.

"आता ऐका. झांज कशी विरत जाते बघा. मागे शेपटी सोडत सोडत जाते. फोनवरच्या गाण्यात ही शेपटी मिळायची नाही. तिथे छाटलेली असते."

गिऱ्हाईक मान डोलवायचं. एखादा सरळ माणूस म्हणायचा, "मला तर दोन्ही सारखंच वाटतंय." त्यावर काका उत्तर द्यायचे, "मग स्वस्तातलं घ्या. गाढवाला गुळाची चव काय!" तो माणूस कानकोंडा होऊन महागातलंच घ्यायचा. मालक खूश असायचे.

दुकानात जे चालायचं तेच घरी. मावशीला काम करताना गुणगुणायची सवय होती. एकदा चारचौघांत काका म्हणाले, "हिचं गाणं म्हणजे दाराची बिजागरी. तेल घालून पाहिलं, उपयोग नाही." सगळे हसले. मावशीही हसली. मी लहान होते, मीही हसले. त्यानंतर तिचं गुणगुणणं मी कधी ऐकलं नाही.

त्यांच्या मुलीला, आमच्या ताईला, शाळेत व्हायोलिनचा नाद लागला होता. शाळेच्या कार्यक्रमात ती वाजवत असताना काका मधूनच उठून बाहेर गेले. घरी आल्यावर म्हणाले, "चुका तू केल्यास, मान माझी खाली गेली." पुढच्या आठवड्यात त्यांनी व्हायोलिन कोणाला तरी देऊन टाकलं. ताई रडली नाही. तिने फक्त बापाला 'बाबा' म्हणणं कमी केलं. अहो-जाहो घालून, हाक न मारता बोलायला शिकली.

ताईचा नवरा कॉम्प्युटरवाला, स्वभावाने गरीब. काकांच्या साठाव्या वाढदिवसाला त्याने हौसेने एक छोटी डबी आणली. ती अॅम्प्लिफायरला जोडली की फोनवरून हवं ते गाणं लागायचं. गाण्यांची वर्षभराची वर्गणीही त्याने आधीच भरून टाकली होती.

"बाबा, यात आता सीडीइतकाच आवाज येतो," तो म्हणाला. "कधी कधी त्याहून चांगलासुद्धा."

दुकानाचे मालक आले होते, काकांचे दोघे भाऊ होते, माझी आई होती, मी होते. काकांनी डबी दोन बोटांत मेलेल्या पालीसारखी धरली.

"जावईबापू, झऱ्याचं पाणी वेगळं आणि नळाचं वेगळं. तुमच्या घरी नळच होता, त्याला तुम्ही काय करणार!"

जावयाचे कान लाल झाले. तो इतकंच म्हणाला, "मग ओळखून दाखवा."

काकांना तर हेच हवं होतं. "दाखवतो की! डोळे बांधून दाखवतो. पण बटण तुम्ही फिरवायचं नाही, तुम्ही लबाडी कराल." त्यांनी मावशीकडे बोट केलं. "ही फिरवेल. हिला दोन्हींतलं काही कळत नाही. हिच्याइतका निःपक्षपाती माणूस शोधून सापडणार नाही."

जावयाने दुकानातलं ते ठरलेलं व्हायोलिन सीडीवर आणि फोनवर लावलं, दोन्हीकडचा आवाज सारखा करून दिला आणि मावशीला समजावलं: बटण डावीकडे म्हणजे सीडी, उजवीकडे म्हणजे फोन. काका आपल्या खुर्चीत बसले, डोळ्यांवर रुमाल बांधला. ते सोडून आम्हा सगळ्यांना बटण दिसत होतं.

पहिल्यांदा मावशीने सीडी लावली. काका लगेच म्हणाले, "सीडी. पुढे."

मावशीने बटण उजवीकडे नेलं, खट्ट आवाज झाला. तिने क्षणभर काकांकडे पाहिलं आणि बटण परत डावीकडे आणलं. तेच व्हायोलिन, तीच सीडी पुढे वाजत राहिली.

काकांनी तोंड वाकडं केलं. "हा तुमचा फोन. कळतंय का काही? झांज मेली. शेपटीच नाही तिला. प्लास्टिकच्या फुलाचा वास घेतल्यासारखं वाटतंय."

जावई बोलायला गेला. मावशीने ओठांवर बोट ठेवलं. ताईने नवऱ्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

मावशी पुन्हा खटखट करून पुन्हा सीडीवर आली. "आता कसं!" काका खुर्चीत सैलावले. "खिडकी उघडल्यासारखं झालं." मग पुन्हा तीच सीडी. "बंद करा हो. असलं ऐकणाऱ्यांचे कान उपटून हातात द्यायला हवेत." आता त्यांना चढतच गेली. प्रत्येक वेळी नवी उपमा. मालकांनी रुमाल तोंडात कोंबला होता. माझ्या आईने तोंडावर उशी धरली. काकांचे सख्खे भाऊ एकमेकांना कोपरं मारत होते. कोणीही त्यांना थांबवलं नाही. मीही नाही.

शेवटी मावशी म्हणाली, "झालं. सोडा रुमाल."

"किती बरोबर आले?"

"फोन मी लावलाच नाही. सगळ्या वेळी तुमचीच सीडी होती."

काका हसले. मग एकेकाचं तोंड बघत गेले आणि हसायचे थांबले. मालकांना आता राहवेना. "काय हो कानसेन, स्वतःच्याच सीडीला प्लास्टिकचं फूल केलंत की!" खोलीत असा हशा उसळला की बाजूच्या घरातलं कोणीतरी दारात डोकावून गेलं.

"ही फसवणूक आहे," काका म्हणाले. "आता खरं लाव. नीट लाव."

मावशीने खरं लावलं. कधी फोन, कधी सीडी, अगदी जावई सांगेल तसं. काका पुढे वाकून, मुठी आवळून ऐकत होते. आता उपमा नव्हत्या. ते चुकले. मग बरोबर आले, मग सलग चुकत गेले. "गोंगाटाने कान थकलेत," असं म्हणाले, तेव्हा कोणी हसलंसुद्धा नाही, आणि ते जास्त वाईट झालं. मावशीने अॅम्प्लिफायर बंद केला. "माझे पाय दुखायला लागले," म्हणाली आणि आत गेली.

ताई तिच्यामागे गेली. "आई, जरा अतीच झालं गं."

"हो, झालं," मावशी म्हणाली आणि कप धुवायला लागली.

मालकांच्या पोटात काही राहत नसे. आठवडाभरात दुकानातला प्रत्येक पोरगा काकांना प्लास्टिकच्या फुलांचा भाव विचारत होता. जुनी गिऱ्हाइकं येऊन म्हणायची, "कानसेन, डोळे बांधू का?" काका पडद्याआड जाऊन बसायचे. पुढे ती खोलीच मोडली, तिथे हेडफोन मांडले आणि काकांना गोदामात खोकी उतरवून घ्यायला पाठवलं. मालक म्हणाले, "तिथे शांतता आहे, तुम्हाला आवडेल."

दाराची बेल काकांना ऐकू येत नाही, हे ताईच्या लक्षात आलं. ती त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत मावशीही होती. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली.

"वरचे सूर तुम्हाला बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नसणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाखरं, बारीक घंटा, झांज, असले आवाज."

"झांज मला ऐकू येते," काका म्हणाले.

"आठवत असेल," बाई सहज बोलून गेल्या. मग त्यांनी मावशीला विचारलं, "घरात कधी जाणवलं नाही तुम्हाला?"

"मला काय कळतंय त्यातलं," मावशी म्हणाली. "त्यांनाच विचारा."

हे सगळं मावशीने माझ्या आईला फोनवर सांगितलं. बाईंची नक्कल करून सांगितलं. मला काकांची दया आली नाही, खोटं कशाला बोलू.

मग दोन्ही कानांत यंत्रं आली. ती माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेली. बोलणं स्वच्छ ऐकू येई, पण स्पीकरवरचं व्हायोलिन पत्रा घासल्यासारखं वाटे. बाई म्हणाल्या, गाणं ऐकायचं तर फोनवरून थेट यंत्रात सोडा, त्यातल्या त्यात बरं वाटेल. काकांच्या सीडी प्लेयरला ते जमत नव्हतं. तो जुना होता. जावयाने आपली डबी बाजूला काढून स्वतःच्याच खात्यावरून काकांच्या फोनमध्ये गाणी घालून दिली. काका आपल्या खुर्चीत बसायचे, मांडीवर फोन, समोर दोन मुके स्पीकर.

मग मावशीने सीडी काढायला घेतल्या. जुन्या वस्तूंचा व्यापारी खोकी घेऊन आला तेव्हा काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"निदान व्हायोलिनच्या तरी राहू देत."

"कशाला?" मावशी म्हणाली. "ऐकणार कोण?"

काका बाजूला झाले. व्यापाऱ्याने त्यांच्याकडे न बघता खोकी भरली. आता त्या फळ्यांवर चादरी आणि उशांचे अभ्रे असतात, मावशीने घातलेल्या सरळ घड्या.

गेल्या महिन्यात मी आणि आई भेटायला गेलो होतो. आम्ही तिघी आत स्वयंपाकघरात होतो. मावशी नेहमीच्या आवाजात काकांबद्दल सांगत होती. जेवताना तोंडाचा आवाज किती करतात, गोदामातला मुकादम त्यांना काय नावाने हाक मारतो, आंघोळीला कसं ढकलावं लागतं. आई हसत होती. बाहेरून काकांचा आवाज आला.

"माझ्याबद्दल चाललंय का?"

मावशीने ओट्यावरून मान वळवली नाही.

"हो," ती म्हणाली. "आलं ना ऐकू?"