पाहुण्यांच्या खोलीतली कणकवली

तोंडवलीत आमचं घर सुरूच्या बनाला लागून आहे. घर एक, चुली दोन. उत्तरेकडच्या अर्ध्यात माझे थोरले दीर, म्हणजे भावोजी, आणि जाऊबाई राहतात, दक्षिणेकडच्या अर्ध्यात आम्ही तिघं: मी, माझा नवरा आणि आमची मुलगी. मधे भिंत आहे, पण पुढचं खळं, म्हणजे अंगण, एकच आणि विहीरही एकच. जाऊबाईंचं आणि माझं कधी बिनसलं नाही. बिनसलं ते त्या दोन भावांचं.

कारण फणस. सासऱ्यांनी खळ्याच्या कडेला लावलेला. पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायचं ठरलं तेव्हा जागा तेवढीच होती, आणि नवऱ्याने तो फणस तोडून घेतला. भावोजी तेव्हा कामानिमित्त मुंबईला गेले होते. विचारलं नव्हतं असं नाही. फोनवर विचारलं होतं, आणि भावोजी "बघूया" म्हणाले होते. नवऱ्याने तो होकार धरला. भावोजींच्या मते तो नकार होता. परत आल्यावर ते त्या रिकाम्या जागेसमोर बराच वेळ उभे राहिले, मग घरात गेले, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलायचे बंद झाले. लाकडाचे दोन समान वाटे झाले, तेसुद्धा न बोलता.

पुढची सहा-सात वर्षं जे काही सांगायचं ते आम्हां बायकांमार्फत. "त्येका सांग, पंप बंद कर म्हणान," भावोजी मला सांगायचे, आणि ज्याला सांगायचं तो माझ्या शेजारीच उभा असायचा. मग मी मान वळवून तेच पुन्हा सांगायचे. चतुर्थीला गणपती एकच, भावोजींकडे. दोघे खांद्याला खांदा लावून आरत्या म्हणायचे, एका ताटातला प्रसाद घ्यायचे, आणि आपापल्या दारातून आत जायचे. नव्या खोल्यांत मात्र भावोजींनी कधी पाऊल टाकलं नाही.

गाडीची सुरुवात त्याच खोल्यांत झाली. मे महिन्यात एका पाहुण्यांच्या मुलाकडे बॅटरीवर चालणारी आगगाडी होती. तो ती पडवीत गोल फिरवत बसायचा. आमची मुलगी तेव्हा सातवीत जाणार होती. एकदा मी चहा घेऊन गेले तर ती पालथी पडून डब्यांकडे एकटक बघत होती, आणि तिच्या शेजारी तिचा बाप, तोही पालथा. पाहुण्यांचा मुलगा कंटाळून समुद्रावर निघून गेला होता.

जूनमध्ये पाहुणे संपले. होड्या वर ओढून झाकल्या गेल्या. आचऱ्याला एक पार्सल येऊन पडलं ते हे दोघे स्कूटरवरून घेऊन आले, वरून प्लास्टिक गुंडाळून, तान्ह्या मुलाला आणावं तसं. आत गोल रूळ, तीन डबे आणि एक लालभडक परदेशी इंजिन. खोक्यावरच्या चित्रात ते बर्फातून चाललं होतं.

पाहुण्यांच्या खोलीतल्या दोन्ही कॉट जोडल्या, त्यावर प्लायवूड टाकलं, आणि त्यावर रूळ. पहिल्या दिवशी गाडी नुसती गोल फिरली. दुसऱ्या दिवशीही. मग मुलगी म्हणाली, "बाबा, ही जाता खंय?"

नवऱ्याने गाडी थांबवली. थोडा विचार करून म्हणाला, "कणकवलीक."

त्यानंतर आमच्या घरातली कुठलीही वस्तू आपल्या जागेवर राहिली नाही. चिऱ्याची भुकटी चाळून लाल माती झाली. खाडीची बारीक वाळू डिंकात कालवून रुळांखालची खडी झाली. खराट्यातल्या हिरांचे खांब झाले. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे मी हिरव्या रंगात बुडवायचे, त्यांची झाडं झाली. हे काम आपलं नाही असं मी सुरुवातीला म्हणत होते. पण आंब्याचं झाड आणि काजूचं झाड सारखंच दिसतं म्हटल्यावर मला राहवेना. काजू कसा पसरतो, खाली कसा टेकतो, ते मी तळेऱ्याला माहेरी लहानपणापासून बघितलंय. संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकून मीही त्या खोलीत जाऊन बसू लागले. इंजिन मुलीने निळं रंगवलं.

गाडी मात्र लाडावलेल्या पोरीसारखी वागायची. खाऱ्या हवेने रुळांवर एका रात्रीत थर चढायचा आणि इंजिन अडखळत, धापा टाकत चालायचं. रोज आधी स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसायचे, मग गाडी. पुसून होईपर्यंत वीज जायची. तरी तिघांपैकी कोणी कंटाळलं नाही.

रेल्वे आमच्या भागात पहिल्यांदा आली तेव्हा सासऱ्यांनी दोन्ही मुलांना ती बघायला कणकवलीला नेलं होतं. नवरा तेव्हा शाळेत, भावोजी नुकतेच कॉलेजात. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले: हार घातलेलं इंजिन, माणसांचा समुद्र, आणि डब्याला हात लावायच्या आधी सासऱ्यांनी पायांतल्या चपला काढल्या ते. नवऱ्याला तीच कणकवली करायची होती, त्या दिवसाची. त्याने पुठ्ठ्याचं स्टेशन केलं आणि रुळाच्या डाव्या बाजूला चिकटवलं.

जुलैतली दुपार होती. बाहेर धो धो पाऊस. भावोजी विहिरीवरचा पंप बघायला आले होते, डोक्यावर पोतं घेऊन. परत जाताना ते खिडकीपाशी थांबले. मी झाडं रंगवत होते, मला ते दिसले. नवऱ्याची पाठ होती.

"बाय," भावोजी गजांतून मुलीला म्हणाले, "तुझ्या बापाशीक सांग, स्टेशन त्या बाजूक नव्हता."

मुलगी म्हणाली, "मोठे काका, तुमीच आत येवन सांगा."

मी ब्रश हातात धरून तशीच बसले. नवऱ्याने मागे वळूनही बघितलं नाही. दारात चपला काढल्याचा आवाज आला. भावोजी आत आले, अंगावरून पाणी निथळत होतं, आणि त्यांनी ओलं बोट थेट रुळांच्या उजव्या बाजूला ठेवलं.

"हयसर होता. आमी थय उभे होतो, मागच्या डब्याकडे."

"आमी इंजिनाकडे होतो, दादा," नवरा रुळांकडे बघतच म्हणाला. "माका हार दिसत होतो. झेंडूचो."

"तुका काय दिसतला? तू बाबांच्या खांद्यार हात टाकून उड्ये मारी होतंस."

"म्हणानच दिसलो."

दोघे तिथेच भांडायला लागले. मोठ्याने, हात नाचवत. जाऊबाई आवाज ऐकून पावसातून धावत आल्या, काहीतरी भलतंच झालं असं समजून. दारात त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडावर धरला. हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

त्यानंतर भावोजी रोज यायचे. फक्त स्टेशनबद्दल बोलायला, असं त्यांचं म्हणणं. पण स्टेशनला लागून रस्ता होता, रस्त्याला लागून भजीपावाची गाडी होती, आणि प्रत्येक गोष्टीवर दोघांची आठवण वेगळी. मुलगी मधे बसून कधी याचं ऐकायची, कधी त्याचं, आणि शेवटी स्वतःला हवं तेच करायची.

ऑगस्टमध्ये प्लायवूड दमटपणाने फुगलं. मधोमध असा उंचवटा आला की गाडी चढताना मागे घसरायची. नवरा हात टेकून बसला. भावोजी निघून गेले आणि थोड्या वेळाने लांब, पिवळ्याधमक फळ्या घेऊन आले. रंधा मारलेल्या, सुकलेल्या.

"हेंका पाणी लागणा नाय," ते म्हणाले.

त्या कशाच्या होत्या ते सांगायची गरज नव्हती. फणसाचा पिवळा रंग लपत नाही. आमच्या वाट्याच्या लाकडाच्या आम्ही कॉट केल्या होत्या, त्याच कॉटवर हा सगळा पसारा होता. त्यांनी त्यांचा वाटा माळ्यावर तसाच ठेवला होता. नवऱ्याने एक फळी उचलली, हात फिरवला, आणि ती नीट बसते का ते बघायला लागला. दोघांनी मिळून सगळे रूळ काढले आणि नव्या फळ्यांवर पुन्हा बसवले.

स्टेशनचा वाद मिटेना तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, "जावन बघा मगे एकदा काय ता. आमचे कान किटले."

म्हणून चतुर्थीनंतर, पाऊस जरा ओसरल्यावर, आम्ही पाचही जण भावोजींच्या टेम्पोतून आचरामार्गे कणकवलीला गेलो. आम्ही तिघी पुढे दाटीवाटीने, नवरा मागे हौद्यात. स्टेशनसमोर उतरून दोघे भाऊ बघतच राहिले. सगळं बदललं होतं. नवी इमारत, नवी कमान, नवा रस्ता. ते दोघे फलाटावर इकडून तिकडे फिरले, एकमेकांना हाका मारून खुणा दाखवत राहिले. कुठलीच खूण पटेना. शेवटी बाकावर येऊन बसले.

तेवढ्यात फलाटावर पॅसेंजर येऊन लागली, क्रॉसिंगसाठी बराच वेळ थांबणारी. जाऊबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, "मी कधी बसलंय नाय हेच्यात."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. त्यांचा मुलगा मुंबईत असतो, त्या दोन-तीनदा जाऊन आल्यात. पण बसनेच, दरवेळी. भावोजींना बस लागत नाही, जाऊबाईंनाही लागत नाही, मग बस बरी, गावातल्या थांब्यावर चढायचं, दारात उतरायचं, असं चालत आलेलं. मुलगी तिकिटाच्या खिडकीकडे पळाली. "कुडाळपर्यंत काढतंय!" ती ओरडली.

जाऊबाई खिडकीशी बसल्या. नदीचा पूल आला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि खाली पाणी बघून सोडला. बोगद्यात अंधार झाला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, आणि मग स्वतःच हसल्या.

भावोजी समोर बसले होते. बोगद्यातून बाहेर आल्यावर ते भावाला म्हणाले, "त्या दिवशी परत येताना यष्टीत तू निजलंस. बाबा माका काय म्हणाले ता तुका म्हायत नाय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आता गाडी इली, जाणा सोपा झाला. पण दोघांतल्या एकान तरी हय रवाक व्हया. झाडा कोण बघतलो?" भावोजींनी बाहेर बघितलं. "मी रवलंय."

 नवरा त्यानंतर मुंबईला नोकरीला गेला होता, बरीच वर्षं राहून परत आला होता. भावोजी कायम इथेच, बागेत. फणस म्हणजे त्यांच्यासाठी नुसता फणस का नव्हता ते मला तेव्हा, त्या डब्यात समजलं. मला समजलं म्हणजे त्यालाही समजलं असणार.

कुडाळच्या अलीकडे नवरा म्हणाला, "दादा, मी फोनार बघूया आयकलंय आणि झाड तोडलंय. तू येयसर थांबाक व्हया होता."

"होय," भावोजी म्हणाले. "थांबाक व्हया होता."

एवढंच. मग शेंगदाणेवाला आला, आणि भावोजींनी सगळ्यांसाठी पुड्या घेतल्या. कुडाळला चहा पिऊन पुढच्या गाडीने परत आलो.

दिवाळीच्या आधी पाहुण्यांचे फोन सुरू झाले. खोली रिकामी करायची वेळ आली. नवरा गाडी मोडून खोक्यात भरायच्या तयारीत होता. मुलगी तोंड फुगवून बसली होती. भावोजींनी दारातून विचारलं, "मोडतंस कित्याक? आमच्याकडे वळई रिकामीच आसा." वळई म्हणजे आतली लांब खोली. मुलगा मुंबईला गेल्यापासून तिथे फक्त नारळ पडलेले असायचे.

खळ्यातून रुळांसकट तो फळ्यांचा पाट नेताना आम्ही पाचही जण हातभार लावत होतो. भावोजींच्या दारातून तो जाईना. दाराची फळी उचलून काढली, पाट आडवा केला, आणि त्या हिसक्यात स्टेशन सुटून खाली पडलं.

"बघ," दोघेही एकदम म्हणाले, "चुकीच्या जाग्यार होता."

अडीच-तीन वर्षं झाली, अजून स्टेशन नाही. फलाट दोन्ही बाजूंना आहे, इमारत कुठे उभी करायची ते ठरायचंय. नदी झाली आहे, पुलाचं काम सुरू आहे. मुलगी दहावीत गेली, तिला वेळ कमी मिळतो. नवरा आणि भावोजी पुलाच्या खांबांवरून वाद घालत असतात, आणि भिंतीपलीकडून तो आवाज ऐकत मी इकडे भाकऱ्या थापते.

गाडी चालवतात त्या जाऊबाई. दुपारी भांडी आवरली की त्या वळईत जातात, फडक्याने रूळ पुसतात, आणि बटण फिरवायच्या आधी खिडकीतून मला हाक मारतात.

"येतंस गो? सुटता हां गाडी."